दात बाळंतपणापर्यंत थांबत नाहीत



या पानावर आम्ही एरवी लिहितो ते बेणेप्रक्रियेविषयी, हुमणीविषयी, खोडव्यातील पाचटाविषयी नाहीतर माती परीक्षणाविषयी. आज ऊस थोडा बाजूला ठेवून दातांविषयी, आणि तेही गरोदर बायकांच्या दातांविषयी लिहीत आहोत. "साहेब, तुमचा आणि दाताचा काय संबंध?" असे कोणी विचारील. जरूर विचारावे. आम्ही डॉक्टर नव्हे. कृषी पदविका घेऊन उसाच्या सऱ्या तुडवणारी माणसे आम्ही. पण लागणीची नोंद घ्यायला, उगवण पाहायला, तोडणीच्या तक्रारी ऐकायला घरोघरी जाणे होते. ओसरीवर चहा होतो आणि घरात काय चालले आहे ते न विचारताही कानावर येते. एक वाक्य आम्ही इतक्या ओसऱ्यांवर ऐकले आहे की आता त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ते वाक्य असे : "सूनबाईचा दात दुखतोय खरा, पण दिवस गेलेत ना, आता बाळंतपण झाल्यावरच बघू."

हे वाक्य बोलणारी माणसे वाईट नाहीत. काळजीपोटीच बोलतात. पोटातल्या जिवाला धक्का बसू नये, औषध बाधू नये, इंजेक्शन बाधू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. परंतु हे वाक्य चुकीचे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. दाताचे दुखणे बाळंतपणापर्यंत थांबत नाही. ते वाढते, आणि नेमके नको त्या महिन्यात वाढते.

आमच्या एका गटातील घरची गोष्ट सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. त्या घरच्या सुनेच्या खालच्या दाढेत लग्नाआधीपासूनच खड्डा होता. पाचव्या महिन्यात ठणका सुरू झाला, तेव्हा तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेले. तिथे तोंड उघडून पाहण्याआधीच "पोटुशी आहे, बाळंत झाल्यावर आणा" असे सांगून परत पाठवले. घरच्यांनाही ते बरेच वाटले. मग लवंग झाली, गालाला शेक झाला, मिसरी झाली, गावातल्या दुकानातल्या गोळ्या झाल्या. ठणका थांबला की गोळी बंद, सुरू झाला की परत गोळी. असे दीड-दोन महिने काढले. या मुदतीत त्या पोरीने खाल्ले काय? भाकरी चावता येईना म्हणून दुधात कुस्करलेली चपाती, भाताची पेज आणि पुष्कळदा नुसता चहा-बटर. सातव्या महिन्यात एके रात्री जबड्याखाली सूज आली, ताप चढला, तोंड उघडेना, थुंकीसुद्धा गिळता येईना. रात्रीच जीप काढून जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले. तिथे दाढ काढली, पू काढला, पाच दिवस ठेवून घेतले. आई आणि बाळ आज सुखरूप आहेत. पण जे काम पाचव्या महिन्यात एका बैठकीत झाले असते, ते सातव्या महिन्यात जिवावर बेतले.

या गोष्टीत पुवाइतकीच, किंबहुना जास्तच, आम्हाला खटकते ती पेज. गरोदर बाईने सकस खावे, पालेभाजी खावी, कडधान्य खावे, शेंगदाणे खावेत, हे आता प्रत्येक घरात माहीत आहे. आशाताई सांगतात, अंगणवाडीताई सांगतात, भिंतींवरही लिहिलेले असते. पण दाढ दुखत असेल तर हे सगळे चावायचे कशाने? ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ ताटात वाढली म्हणजे ती पोटात गेली असे नव्हे. सुनेचे वजन का वाढत नाही म्हणून टॉनिकच्या बाटल्या आणणाऱ्या घराने एकदा तिला "आ" करायला सांगावे. ती एकाच बाजूने चावते का, कडक टाळते का, गार पाणी पिताना दचकते का, एवढे पाहायला डॉक्टर लागत नाही.

आता गरोदरपणातच हे दुखणे का वाढते ते सांगतो. पोटात गर्भ वाढू लागला की बाईच्या अंगात काही संप्रेरके पुष्कळ वाढतात. त्यांच्यामुळे हिरड्यांतला रक्तपुरवठा वाढतो, हिरड्या नाजूक आणि फुगीर होतात. एरवी दातांच्या कडेला जे पांढरट कीटण साचते, त्याचा त्रास तिला फारसा जाणवला नसता. आता तेवढ्याच कीटणाने हिरड्या लाल होतात, सुजतात, आणि दात घासताना रक्त येते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून हे सुरू होते आणि आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते. गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास कमी-अधिक होतो. म्हणजे ही एखाद-दुसरीची कथा नव्हे. काही जणींच्या दोन दातांच्या मध्ये हिरडीवर बोंडासारखी लाल गाठ येते. तिला लगेच रक्त येते, बघून घरातली माणसे घाबरतात. ही गाठ कर्करोगाची नसते, आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप ओसरते. मात्र ती दाखवावी जरूर.

रक्त येते म्हणून बायका काय करतात? दात घासायचेच सोडतात! ब्रश लागला की रक्त येते, म्हणून ब्रश नको. इथेच गाडी उताराला लागते. रक्त येते ते कीटण साचल्यामुळे, आणि घासणे सोडले की कीटण आणखी साचते. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दिवसातून दोन वेळा घासत राहिले तर पंधरा दिवसांत फरक दिसू लागतो. साचून दगडासारखे घट्ट झालेले कीटण मात्र ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. त्याने दात हलतात हा समज खोटा आहे. आधीच सैल झालेला दात कीटणाने धरून ठेवलेला असतो, कीटण काढले की त्याचा सैलपणा कळतो, एवढेच.

दुसरे कारण उलट्यांचे. पहिल्या तीन महिन्यांत कोरड्या-ओल्या उलट्या होतात आणि दर उलटीबरोबर पोटातले आम्ल दातांवर येते. या आम्लाने दाताचे वरचे कवच मऊ पडते. तोंड घाण झाले म्हणून बाई लगेच ब्रश घेते आणि मऊ पडलेले कवच खरवडून काढते. उलटी झाल्यावर लगेच घासू नये. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून चुळा भराव्यात आणि अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. सोडा हाताशी नसेल तर नुसत्या पाण्याने भराव्यात. सकाळी पेस्टच्या वासानेच मळमळत असेल तर तेव्हा आग्रह नको. पेस्ट हरभऱ्याएवढी घ्यावी, लहान मुलांचा छोटा ब्रश घ्यावा, आणि मळमळ नसेल अशा वेळी घासावे. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे मात्र चुकवू नये. राखुंडी, विटेची भुकटी, कोळसा आणि मीठ यांनी दात पांढरे दिसतात ते कवच झिजते म्हणून. आपल्या आज्या असेच घासत होत्या हे खरे. आपल्या आज्यांच्या तोंडात साठीला किती दात होते तेही आठवून पाहावे.

डोहाळे हा तर आणखी वेगळाच विषय. कोणाला चिंच लागते, कोणाला कैरी, कोणाला भाजलेली माती, कोणाला कच्चे तांदूळ. आंबट खाल्ले की वर सांगितल्याप्रमाणे पाण्याने चूळ भरावी. माती खावीशी वाटणे हे मात्र पुष्कळदा अंगात रक्त कमी असल्याचे लक्षण असते. ते हसण्यावारी न नेता आशाताईंना सांगावे.

एक जुना समज असा की पोटातले बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, म्हणून बाळंतपण म्हटले की दात जायचाच. हे बरोबर नाही. बाळाला कॅल्शियम लागते, आणि आईच्या आहारात ते कमी पडले तर तिच्या हाडांतून जाते. दातांतून जात नाही. दात जातो तो किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने. चौदाव्या आठवड्यानंतर सरकारी केंद्रातून कॅल्शियमच्या गोळ्या देतात त्या अवश्य घ्याव्यात, पण गोळ्या चालू आहेत म्हणून दातांची काळजी मिटली असे समजू नये. या समजाचा खरा तोटा असा की दात गेला तर घरातल्या कोणाला वाईटच वाटत नाही. जायचाच होता म्हणतात. तिशीच्या आत दोन-तीन दाढा गेलेल्या सुना आम्ही पाहतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रारसुद्धा करत नाही, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

आता मुख्य भीतीविषयी. "साहेब, पोटुशी बाईला भुलीचं इंजेक्शन कसं द्यायचं?" असे एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हाला विचारले. उत्तर असे की दात काढताना देतात ते इंजेक्शन हिरडीत देतात, त्याने तेवढीच जागा बधिर होते, आणि नेहमी वापरतात ते औषध गरोदरपणात चालते. दात भरणे, मुळापर्यंत साफ करून वाचवणे, काढावाच लागला तर काढणे, कीटण काढणे, ही सगळी कामे गरोदरपणात करता येतात. दाताचा क्ष-किरण फोटो काढावा लागला तरी त्यातले किरण अगदी थोडे असतात, आणि पोटावर शिशाचा अ‍ॅप्रन घालतात. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या डॉक्टरांना हेच कळवले. गरोदर बाईच्या दातांची विचारपूस पहिल्याच तपासणीत करा आणि लागेल तो उपचार लांबवू नका, असे त्यात आहे.

चौथा, पाचवा आणि सहावा हे महिने या कामाला सर्वांत सोयीचे. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ असते. शेवटच्या महिन्यांत पोट वाढल्यामुळे खुर्चीत उताणे पडवत नाही, पोटाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. तरी त्या वेळीही तातडीचे काम थांबवायचे नाही, उजव्या कुशीखाली छोटी उशी देऊन थोडे डाव्या अंगावर कलते बसवतात. आमची सूचना अगदी साधी आहे. सातव्या महिन्यात आपण हौसेने डोहाळजेवण करतो. त्या डोहाळजेवणाच्या आधी सुनेला, लेकीला एकदा दंतवैद्याला दाखवून आणावे. तारीख लक्षात ठेवायला याहून सोपी खूण दुसरी नाही.

दुकानातल्या गोळ्यांविषयी मात्र कडक बोलावे लागेल. दाढदुखीवर सर्रास मिळतात त्या आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या. विसाव्या आठवड्यानंतर, म्हणजे पाचवा महिना भरला की, या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीलाही धोका असतो. दुखणे थांबवायला पॅरासिटामॉल चालते, तेही डॉक्टरांना विचारून. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन या जातीची औषधे गरोदर बाईला देऊ नयेत, त्याने बाळाचे येणारे दात डागळतात. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेत दाबून ठेवण्याची एक खोड आहे, तिने हिरडी भाजते. आता गंमत बघा. भुलीचे इंजेक्शन, जे चालते, त्याला घर घाबरते. आणि दुकानातली गोळी, जी घातक ठरू शकते, ती चहाबरोबर दिली जाते. शेतात आम्ही कोणते औषध किती लिटर पाण्यात किती मिली हे दहा वेळा विचारणारे सभासद पाहतो. तीच माणसे घरात मात्र डबीतून कोणतीही गोळी काढून देतात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हिरड्यांचा रोग असलेल्या बायकांची बाळे लवकर आणि कमी वजनाची जन्मतात, असे १९९६ पासून काही अभ्यासांत दिसून आले आहे. यावरून कोणी असे सांगेल की हिरड्या साफ केल्या की बाळ नक्की दिवस भरून जन्मेल. तसे सांगता येत नाही. अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांचे दोन भाग करून एका भागाच्या हिरड्यांवर गरोदरपणात उपचार केले, दुसऱ्या भागावर बाळंतपणानंतर. या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. लवकर बाळंत होण्याच्या प्रमाणात दोन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मात्र उपचाराने हिरड्या सुधारल्या, आणि आई-बाळाला कोणताही अपाय झाला नाही. आपण नवीन खत आले की शेजारी साधा प्लॉट ठेवून ताडून पाहतो, तसेच हे. म्हणून आम्ही सभासदांना सांगतो ते एवढेच की उपचाराची भीती निराधार आहे, आणि आईला दुखण्यातून सोडवणे हे कारण पुरेसे आहे. तिच्या सुखासाठी बाळाचा दाखला कशाला लागावा?

मिसरीचे मात्र तसे नाही. तिथे बाळाचे नुकसान स्पष्ट दिसले आहे. मुंबईत १,२१७ बायकांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मिसरी आणि तशाच प्रकारची बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम वजनाने कमी भरली, आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरडीला चोळायची ही पद्धत आपल्या भागात दात घासायची पद्धत म्हणूनच चालत आली. बायका त्याला व्यसन समजत नाहीत. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते, मग दुपारी, मग भांडी घासून झाल्यावर, मग रात्री. दाढ दुखली की मिसरीने तेवढ्यापुरते बधिर होते, म्हणून गरोदरपणात ती कमी न होता वाढते. किडक्या दाढेवर वेळेवर इलाज झाला तर मिसरी वाढण्याचे एक कारण आपोआप जाते. आणि घरातल्या पुरुषांनी चुना-तंबाखू मळत मळत सुनेला मिसरीवरून बोलू नये. ते शोभत नाही. सासूबाई स्वतः लावत असतील तर दोघींनी मिळून एकेक वेळ कमी करावी. आधी दुपारची सोडावी, मग रात्रीची.

आता साखर. ज्या कारखान्याच्या पोत्यावर आपले नाव आहे, त्याच्याच पत्रिकेत साखरेविरुद्ध लिहायचे म्हणजे आमच्या पोटावर पाय, असे कोणी म्हणेल. आम्ही साखरेविरुद्ध लिहीत नाही. सवलतीची साखर सणाला घरी येते, ती यावी, तिचा लाडूही व्हावा. परंतु दातांच्या बाबतीत दिवसभरात किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे आहे. गोड तोंडात गेले की तोंडातले जंतू त्याचे आम्ल करतात, आणि ते अर्धा तासभर दातांना खात राहते. गरोदर बाईला एका वेळी पोटभर जेवण जात नाही, ती थोडे थोडे खाते. त्यात दर वेळी गोड चहा, बिस्किट, गुळाचा खडा असला की दातांना उसंतच मिळत नाही. गोड खायचे ते जेवणाबरोबर खावे, आणि मधल्या वेळी फुटाणे, शेंगदाणे, ताक, फळ घ्यावे. गूळ साखरेपेक्षा बरा म्हणतात, पण दाताला दोन्ही सारखेच, गूळ चिकटतो म्हणून थोडा जास्तच. उसाच्या कांड्या चावून दात बळकट होतात असे आपण मुलांना सांगतो. ऊस आमचाही लाडका आहे, पण त्या रसात साखरच असते, आणि चावून झाल्यावर चूळ भरलेली बरी.

हे सारे आम्ही लिहितो आहोत ते मुख्यतः पुरुष सभासदांना उद्देशून, हेही सांगून टाकतो. शेअर बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर आहे, म्हणून ही पत्रिका त्यांच्या नावे येते. सुनेच्या हातात ती पडेलच असे नाही. आणि तालुक्याला जायचे की नाही हे ठरवते कोण? मोटारसायकलची किल्ली ज्याच्या खिशात तो. खताच्या दोन गोण्यांसाठी, मोटारीच्या वायंडिंगसाठी, सोसायटीच्या सहीसाठी आपण महिन्यातून चार वेळा तालुक्याला जातो. त्यातल्या एका फेरीला तिला बरोबर घ्यावे. पुष्कळ ग्रामीण रुग्णालयांत आणि उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे सरकारी डॉक्टर असतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ९ तारखेला सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. त्या दिवशी पोटाची तपासणी झाल्यावर बाई सरळ घरी येते. त्याच इमारतीत दातांची खोली असेल तर तिथे दहा मिनिटे तोंड दाखवून यायला काय हरकत आहे? कितवा महिना चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे, माता-बाल कार्ड दाखवावे, चालू गोळ्या दाखवाव्यात. "बाळंतपणानंतर या" असे कोणी म्हणालेच तर "आता का नको?" एवढे नम्रपणे विचारावे. खरेच कारण असेल तर ते सांगतील. नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळता न येणे यांपैकी काही असेल तर मात्र ९ तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे.

आणि ज्यांची पत्रिका कोणाच्याच नावे येत नाही, त्यांचे काय? गळीत हंगामात आपल्या उसात कोयता चालवायला येणाऱ्या टोळ्यांत दर वर्षी गरोदर बाया असतात. पहाटे चारला कोपीतून उठून त्या फडात येतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून गाडीत चढवतात. थकवा आणि भूक मारायला मिसरी असतेच. त्यांची नोंद असते त्यांच्या गावच्या केंद्रात, दीडशे-दोनशे मैलांवर. कार्ड तिकडेच राहिलेले असते. दुखतंय म्हणून एक दिवस दवाखान्यात गेले की मुकादमाच्या वहीत खाडा लागतो, म्हणून जातच नाहीत. आपल्या फडातला ऊस वेळेत तुटावा म्हणून आपण मुकादमाला किती विनवण्या करतो ते आम्हाला ठाऊक आहे, कारण त्या विनवण्या आमच्यामार्फतच होतात. त्याच मुकादमाला सभासदांनी एवढे सांगावे, की गरोदर बाईचा ९ तारखेचा खाडा लावायचा नाही. संचालक मंडळाने तोडणी-वाहतूक करार करतानाच ही गोष्ट मुकादमांच्या कानावर घालावी, अशी आमची विनंती आहे. चिटबॉय रोज फडात असतात. कोणत्या कोपीवर गरोदर बाई आहे हे त्यांना माहीत असते. ते नाव गावच्या आशाताईंपर्यंत पोचवायला चिठ्ठीचासुद्धा खर्च नाही.

दुसरी विनंती आरोग्य शिबिराची. साखर कारखान्यांच्या शिबिरांत डोळे तपासतात, रक्तदाब पाहतात, रक्तातली साखर पाहतात, चष्मे वाटतात. चांगलेच आहे, पण रांगेत उभे असतात ते बहुतेक साठीतले सभासद. आपल्या कारखान्यावर शिबिर भरेल तेव्हा एक खुर्ची दातांसाठी असावी, आणि तिच्यासमोर चौथा ते सहावा महिना चालू असलेल्या बायकांना आधी बसवावे, सभासदांच्या घरच्या आणि कोपीवरच्या, दोन्ही. त्यासाठी बायकांची वेगळी वेळ ठेवावी. सासऱ्याच्या मागे रांगेत उभी राहून कोणती सून तोंड उघडून दाखवणार?

यावर एक आक्षेप येणार हे दिसते आहे. कारखान्याने ऊस गाळावा, भाव द्यावा, दात कशाला मोजावेत? भावाचा प्रश्न मोठा आहे, नाही असे आम्ही म्हणत नाही, आणि त्यावर सर्वसाधारण सभेत भांडणे हा तुमचा हक्कच आहे. पण दातांच्या या कामाला भाव कमी करावा लागत नाही. एक खुर्ची, एक डॉक्टर, एक दिवस आणि फडात-गावात निरोप, एवढेच लागते. निरोपाचे काम शेतकी विभाग करील. गट कार्यालयात आशाताईंचे नाव आणि त्यांच्या भेटीचे दिवस फळ्यावर लिहून ठेवण्यास आम्ही आमच्या माणसांना सांगितले आहे. ज्यांच्या घरी चौथा-पाचवा महिना चालू असेल त्यांनी पुढच्या वेळी लागणीची नोंद द्यायला आल्यावर तो फळा पाहून जावा.

हुमणीच्या बंदोबस्ताचा राहिलेला भाग पुढील अंकी देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी